इंग्रजी बोलण्याची चारसूत्री



भाताची झोडणी आटोपली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या. दरवर्षी या दिवसांत मी या पानावर वालाची पेरणी, भाजीपाल्याची रोपे असे काही लिहितो. आज मात्र जरा वेगळ्या पिकाविषयी लिहायचे आहे. हे पीक खाचरात येत नाही, तोंडात येते. आणि आपल्या बहुतेक घरांत बियाणे असूनही ते उगवत नाही. हे पीक म्हणजे इंग्रजी बोलणे.

त्याचे असे झाले. गेल्या मे महिन्यात चंदनसारला भात लागवडीविषयी बैठक होती. विरार पूर्वेचे हे गाव आता महापालिकेच्या हद्दीत आहे. खाचरांच्या बांधापर्यंत इमारती आल्या आहेत. तरीही काही घरांनी भात सोडलेले नाही, मोगराही सोडलेला नाही. मी चारसूत्री भात लागवड समजावून सांगितली, प्रश्नोत्तरे झाली, चहा आला. मंडळी उठू लागली तेव्हा मागे बसलेल्या एक ताई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, भाताचं कळलं. आता आमच्या पोरीच्या इंग्रजीवर काहीतरी औषध सांगा."

मुलगी बारावी झालेली, गुण चांगले. फुलांची पॅकिंग करून बाहेर पाठवणाऱ्या एका कंपनीत कामासाठी गेली होती. मोगऱ्याची कळी पहाटे का खुडायची, कोणती कळी संध्याकाळपर्यंत उमलेल, कोणती वाटेतच पिवळी पडेल, हे तिला समोरच्या साहेबापेक्षा जास्त ठाऊक. पण साहेबाने पहिलाच प्रश्न केला, "टेल मी समथिंग अबाऊट युवरसेल्फ." मुलीने स्वतःचे नाव सांगितले आणि पुढे शब्द फुटेना. दोन मिनिटांत मुलाखत संपली. ताई म्हणाल्या, "दहा वर्षं इंग्रजी शिकली ती. मग तोंडातून बाहेर का येत नाही?"

या प्रश्नाचे उत्तर मी तिथे उभ्याउभ्या दिले नाही, कारण प्रश्न माझाही होता. मी मराठी माध्यमाचा. शेतकीच्या पदवीला असताना तोंडी परीक्षेत मला भातावरील करप्याची लक्षणे विचारली. करपा मी लहानपणापासून आमच्या खाचरात पाहिलेला. पानावरचे दोन्ही टोकांना निमुळते ठिपके, मधला राखी रंग, तपकिरी कडा, सगळे डोळ्यांपुढे उभे राहिले. पण 'स्पॉट' या एका शब्दापुढे जीभ सरकली नाही. परीक्षकांनी मान हलवली आणि पुढच्या मुलाला बोलावले. मला रोग येत होता, फक्त त्याविषयी बोलता येत नव्हते. कागदावर मात्र दोन्हींचा निकाल एकच लागला: अभ्यास नाही.

दोष कुठे आहे?

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बराच काळ इंग्रजी आठवीपासून शिकवत. माझ्या वेळी ती पाचवीपासून सुरू होई. जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यातील मराठी शाळांत ती पहिलीपासून आली. म्हणजे वर्षे वाढत गेली. पण वर्गात मूल स्वतःच्या तोंडाने किती मिनिटे इंग्रजी बोलते, हे मोजले तर? पन्नास मुलांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांचा तास. बाकीचे सगळे बाजूला ठेवून फक्त मुलांनाच पाळीपाळीने बोलू दिले, तरी एकेकाच्या वाट्याला पाऊण मिनिटसुद्धा येत नाही. मग बोलणे येणार कसे?

पूर्वीपासून आपला भर भाषांतरावर. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीने व्याकरण पक्के झाले, अर्ज आणि पत्रे लिहिता आली. पण मनात आधी मराठी वाक्य जुळवायचे, मग शब्दाला शब्द बदलायचे, मग क्रियापद शेवटून उचलून मध्ये आणायचे, एवढे सगळे होईपर्यंत समोरचा माणूस निघून जातो. मराठीत आपण "मी शेतात भात लावते" म्हणतो. इंग्रजीत "आय प्लांट राइस" म्हणजे कर्ता, लगेच क्रिया, मग बाकीचे. ही चाल जिभेला सवयीने येते, हिशेबाने येत नाही.

परीक्षेचेही तसेच. दहावीला भाषेच्या १०० गुणांपैकी २० गुण शाळेकडे, तोंडी आणि अंतर्गत कामासाठी असतात. २०१९ च्या परीक्षेत ते काढले होते, त्या वर्षी दहावीचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला, आणि पुढच्या वर्षापासून ते पुन्हा दिले गेले. गुणांसाठी मुलाने चार वाक्ये पाठ केली तर त्याचे गुण वाढतात. बोलणे मात्र तेवढ्याने वाढत नाही.

बाजारात भाषा कोणी शिकवली?

आता दुसरी बाजू पाहा. आपल्या भागातल्या किती बायका पहाटेची गाडी पकडून दादरच्या फूलबाजारात जातात! त्या गुजराती व्यापाऱ्याशी गुजराती बोलतात, उत्तरेकडच्या हारवाल्याशी हिंदी बोलतात. वसईच्या घराघरांत सामवेदी, वाडवळी अशा बोली नांदतात, पलीकडे वारली आहे. या बायकांना गुजरातीचे व्याकरण कोणी शिकवले? कोणीच नाही. माल नासायच्या आत विकायचा होता. पहिल्या दिवशी त्या तीन शब्द बोलल्या, चुकल्या, समोरचा हसला, त्याही हसल्या. दुसऱ्या दिवशी पाच शब्द बोलल्या. भाषा अशीच येते, आणि ती कशी येते हे आपल्या घरात ठाऊक आहे. इंग्रजीच्या बाबतीत मात्र ते आपण विसरतो, कारण इंग्रजी आपल्याकडे बाजारातून न येता परीक्षेतून आली, आणि परीक्षेत चुकले की लाल रेघ पडते.

"घरात कोणालाच इंग्रजी येत नाही, मग कसे व्हायचे?" हा दुसरा प्रश्न. यावर एक अनुभव सांगतो. केनियात १९८० ते १९८५ या काळात खेड्यांतल्या लहान मुलांना रेडिओवरून इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग झाला. रेडिओवरील पात्र प्रश्न विचारी आणि थांबे. त्या थांब्यात सगळा वर्ग मोठ्याने उत्तर देई. एका तासात प्रत्येक मूल पुन्हा पुन्हा बोले. आपल्याकडे पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने याच धर्तीवर 'वुई लर्न इंग्लिश' हा ध्वनी-कार्यक्रम तयार केला. आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेतील मुलांनी तर २०१९ मध्ये जपानी भाषा निवडली, कारण त्यांना यंत्रमानवाची आवड. गावात जपानी जाणणारे कोण असणार? इंटरनेटवरचे पाठ पाहून आणि आपापसांत बोलून त्यांनी सुरुवात केली. पुढे शहरातील एका जाणकाराने त्यांना दुरून धडे दिले. घरात इंग्रजी जाणणारा असला तर उत्तम. नसला तरी बोलणारे तोंड आणि ऐकणारा कान या दोन गोष्टी असल्या की काम सुरू होते.

चारसूत्री

त्या दिवशी चंदनसारला मायलेकींना मी जे सांगितले ते आता तुम्हांला सांगतो. भाताची चारसूत्री नुकतीच सांगून झाली होती, म्हणून तीच वापरली.

सूत्र पहिले: रोपवाटिकेत राख. चारसूत्रीत आपण भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळतो. त्यातील सिलिकामुळे रोप कणखर होते. बोलण्याची रोपवाटिका म्हणजे कान. रोज दहा मिनिटे सोपे इंग्रजी ऐकायचे. आज एक, उद्या दुसरे असे करू नका. दोन मिनिटांचा एकच संवाद आठवडाभर ऐका. पहिले दोन दिवस नुसते ऐका, तिसऱ्या दिवसापासून त्याच्या पाठोपाठ, त्याच्याच चालीवर मोठ्याने बोला. पाठ्यपुस्तकातील चौकोनी खूण मोबाइलने टिपली की पुष्कळ धडे ऐकता येतात.

ऐकताना चालीकडे लक्ष द्या. आपण मराठीत प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखे वजन देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची दबतात. 'ॲग्रिकल्चर' शब्दात जोर पहिल्या 'ॲ'वर आहे. 'हॉटेल' आपण पहिल्यावर जोर देऊन म्हणतो, इंग्रजीत तो शेवटच्या 'टेल'वर आहे. आणखी एक खोच म्हणजे आपला 'व'. इंग्रजीत त्याचे दोन आवाज आहेत. 'व्हेजिटेबल' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. 'वॉटर' म्हणताना दात दूर आणि ओठ गोल. आरशापुढे चार दिवस करून पाहा. साहेबी उच्चार काढायचा नाही, समोरच्याला कळले की पुरे.

सूत्र दुसरे: बांधावरचा गिरिपुष्प. हिरवळीच्या खतासाठी आपण गिरिपुष्पाचा पाला दूरवरून आणत नाही, आपल्याच बांधावरचा तोडतो. बोलण्याचा विषयही आपल्याच बांधावरचा घ्या. पाठ्यपुस्तकातील लंडनच्या पुलावर बोलायला सांगितले तर मूल गप्प बसेल. पण मोगऱ्यावर, बैलावर, लोकलच्या गर्दीवर त्याच्याजवळ सांगण्यासारखे आहे. आणि शब्द तरी किती आपल्या घरात आहेत! पंप, मोटर, पाइप, स्प्रे, नर्सरी, बिल, लोन, सबसिडी, पॅकिंग, मार्केट. हे बियाणे कणगीत भरलेले आहे. त्यांना बांधणारी क्रियापदे मात्र कमी पडतात: ग्रो, प्लांट, प्लक, पॅक, सेल, अर्न, निंदणीचे 'वीड'. अशी वीस क्रियापदे सुट्या शब्दांसारखी पाठ करू नका, वाक्यासह घ्या. "वी प्लक द बड्स बिफोर सनराइज", "वी सेल देम इन दादर". अशी आपल्या घराची वीस वाक्ये जिभेवर बसली की मुलाखतीतला पहिला प्रश्न अर्धा सुटला.

आधी तोच विषय मराठीत नीट सांगून पाहायलाही हरकत नाही. ज्याला मराठीत ओळीने सांगता येत नाही, त्याला इंग्रजीतही येणार नाही. पण मराठी वाक्याचे भाषांतर करत बसू नका. विषय मराठीतून घ्या, वाक्य इंग्रजीचे घ्या.

सूत्र तिसरे: नियंत्रित लावणी. चारसूत्रीत एका चुडात दोन-तीनच रोपे लावतो आणि अंतर राखतो. मूठभर रोपे एका जागी कोंबली म्हणून पीक वाढत नाही. तसेच रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटे बोललेले रुजते. दोघे-तिघे मिळून बोला: भावंडे, शेजारची मुले, शेळ्या वळायला जाणारे सोबती. एकाने प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचे, मग अदलाबदल. प्रश्न विचारण्याचीही सवय हवी. आपली मुले उत्तरे पाठ करतात, त्यामुळे "व्हॉट डू यू ग्रो?" एवढा साधा प्रश्नसुद्धा तोंडातून सरळ निघत नाही.

याच सूत्रात एक युक्ती बसते. कीथ मॉरिस नावाच्या इंग्रजीच्या शिक्षकाने ती १९८३ साली मांडली. एकच गोष्ट तीन वेळा, तीन वेगवेगळ्या माणसांना सांगायची. पहिल्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन मिनिटांत. गोष्ट तीच असल्यामुळे दुसऱ्या वेळी शब्द शोधावे लागत नाहीत, आणि तिसऱ्या वेळी अडखळणे पुष्कळ कमी होते. नवख्याला चार मिनिटे जड जातील. त्याने दोन, दीड आणि एक मिनिट घ्यावे. भाजी विकणाऱ्याचे बोलणे असेच घोटले जाते, कारण तो तेच वाक्य दिवसात शंभरदा बोलतो.

सूत्र चौथे: खत मुळाशी. युरिया-डीएपीची ब्रिकेट आपण चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतो. तेच खत वरून फेकले तर बरेचसे पाण्याबरोबर वाहून जाते, हवेत उडते. चूक दुरुस्त करणे हे बोलण्याचे खत आहे, आणि आपण ते नेहमी फेकून देतो. मूल बोलत असते तोच मोठा भाऊ "गो नाही, वेंट!" म्हणून ओरडतो. मुलाचे वाक्य तुटते, चूक तर राहतेच आणि बोलायची हिंमतही जाते. म्हणून बोलणे पुरे होऊ द्या. मग सगळ्या चुकांतून एकच, फार तर दोन निवडा, शांतपणे सांगा, आणि बरोबर वाक्य चार वेळा म्हणवून घ्या. उद्या दुसरी चूक धरता येईल.

आईचा वाटा

हे सगळे ऐकून ताई म्हणाल्या, "मला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही. मी काय करू?" मी म्हटले, "ताई, तुम्ही फक्त ऐकायचे आणि वाल मोजायचे." रोज रात्री मुलीने आईपुढे बसून आपल्या शेताविषयी इंग्रजीत बोलायचे. ती मध्येच अडून थांबली की आईने वाटीत वालाचा एक दाणा टाकायचा. चूक आईला कळणार नाही, पण थांबणे कळेल. रात्री दाणे मोजून कॅलेंडरवर आकडा लिहायचा. एवढेच.

एक पथ्यही सांगितले. पाहुण्यांपुढे "बोल गं इंग्रजीत" असे फर्मान सोडायचे नाही. ज्या रोपाने अजून मूळ धरले नाही, ते शेजाऱ्याला दाखवायला कोणी उपटून काढीत नाही.

गेल्या आठवड्यात कापणीनंतरच्या पाहणीसाठी पुन्हा चंदनसारला जाणे झाले. ताईंनी कॅलेंडर दाखवले. जूनमधला पहिला आकडा सव्वीस. आवणीच्या दिवसांत तीन आठवडे कोरे, कारण तेव्हा कोणाला बसायला सवड? गणपतीच्या सुमारास अकरा. आता चार-पाच. मुलीने दुसऱ्या एका ठिकाणी मुलाखत दिली. मी विचारले, "कशी झाली?" ती म्हणाली, "काका, दोनदा चुकले. एकदा माझं मीच सुधारलं. मग त्यांनी कळी टिकवायचं विचारलं, तेव्हा मी बराच वेळ बोलले." नोकरीचे पत्र अजून आलेले नाही. येईल की नाही, मी सांगू शकत नाही; तिथे आणखी पुष्कळ मुले आली होती. ताई मात्र म्हणाल्या, "ती काय बोलते ते मला अजून कळत नाही साहेब. पण आता थांबत नाही, एवढं कळतं."

बंधु-भगिनींनो, 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' अशा पाट्या तुम्ही बाजारात पाहता. तीस दिवसांत भातही तयार होत नाही. क्लास लावायचा असेल तर पैसे भरण्याआधी एक दिवस मागे बसून पाहा: तासभरात मास्तर किती बोलतात आणि मुले किती बोलतात? मास्तरच बोलत असतील तर ते पैसे बियाण्याला ठेवा. आणि इंग्रजी माध्यमाची शाळा म्हणजे बोलणे आलेच, असेही समजू नका. तिथेही नुसते फळ्यावरून उतरवून घेणारी मुले मी पाहिली आहेत.

इंग्रजी आली म्हणून कोणी शहाणा होत नाही. पण जे शहाणपण आपल्या मुलामुलींच्या हातात आहे, ते भाषेपायी दाराबाहेर अडून राहू नये, एवढेच मागणे.

या आठवड्याचे काम सोपे आहे. आज रात्री जेवणे आटोपली की मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा. आपल्या शेताविषयी पाच वाक्ये इंग्रजीत सांगायला सांगा. मध्ये बोलू नका, हसू नका. वाटी आणि वाल जवळ ठेवा. पहिल्या रात्रीचा आकडा लिहून ठेवा आणि संक्रांतीला पुन्हा मोजा. जमले तर दोन्ही आकडे मला पोस्टकार्डावर कळवा.

पुढच्या अंकी मोगऱ्याची छाटणी आणि पाण्याचा ताण.